दाजींच्या होडीतला आश्विन

गेल्या रविवारी कल्याणहून ठाण्याला जाताना कशेळीच्या पुलावर मी स्कूटर थांबवली. ती थांबायची जागा नाही. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला आणि बाजूने पुढे गेला. जाताना काय बोलला ते हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही, तेवढं बरं झालं. खाली खाडीत एक होडी चालली होती आणि तिचा वेग बघून माझं मन निघेना.

जाळी टाकायला निघालेली होडी घाईत असते. मशीनची मूठ पूर्ण पिळलेली, नाक वर, मागे फेसाची लांब शेपटी. ही तशी नव्हती. काठाने कुणी रमतगमत चाललं असतं तर तिच्या बरोबरीने राहिलं असतं. मागे दोन बाजूंना दोन दोऱ्या तिरक्या पाण्यात गेलेल्या. एक माणूस मशीनचा दांडा धरून बसलेला, दुसरा मध्ये, दोरीवर बोट ठेवून. पुलावर गाड्यांचा एवढा गोंगाट, तरी मला ते मशीन ऐकू येत होतं. डुग, डुग, डुग. मधेच एक ठोका गिळायचं आणि पुन्हा डुग.

दसरा तोंडावर आलाय. पावसाळ्यातलं चहासारखं पाणी आता हिरवट झालंय, दुपारचं ऊन मानेवर चावतं, ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांतून चिखलाचा तो आंबूस वास येतो. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत मी अशा होडीत बसलेलो. एकच हंगाम. त्याच्या आधी कधी नाही, त्याच्यानंतरही नाही.

होडी अगदी हळू चालवायची, मागे वीस-पंचवीस वाव, म्हणजे सव्वाशे-दीडशे फूट, दोर सोडायचा, त्याच्या टोकाला गळ आणि चकाकणारं काहीतरी. पाण्यातून ते डुलत डुलत जातं आणि मोठ्या माशाला वाटतं की एखादं जखमी पिल्लू जीव घेऊन चाललंय. तो झडप घालतो. एवढंच तंत्र. इंग्रजीत याला ट्रोलिंग म्हणतात. आमच्या वर्कशॉपमध्ये मी एकदा हा शब्द वापरला तर एकाने विचारलं, "कुणी शिव्या घातल्या का मिलिंददादा फेसबुकवर?" मी नाही म्हटलं आणि विषय सोडला. सांगायचं झालं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती.

मागून म्हणजे ताईपासून.

माझी ताई, सुजाता, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही आंबिवलीला चाळीत वाढलो. बाबा सोलापूरकडच्या गावातून येऊन इथल्या कारखान्यात लागलेले. ताई बारावीनंतर माजिवड्याला एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. तिथे खाडीकाठच्या गावातला एक आगरी तरुण जमिनीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला यायचा. सातबाऱ्याच्या किती प्रती लागतात माणसाला? तो आठवड्यातून तीनदा यायला लागला. काशिनाथ त्याचं नाव. ताई चोवीस वर्षांची असताना दोघांनी कोर्टात लग्न केलं.

दोन्ही घरांनी नाही म्हटलेलं. त्यांच्या नाहीमागे काय होतं ते आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आमच्या नाहीमागे तेच होतं, उलट्या बाजूने. बाबा म्हणाले, "ज्या घरात तुझ्या हातचं पाणी पिणार नाहीत, त्या घरात तू पाणी भरायला जाणार का?" बाबांचा प्रश्न चूक नव्हता, हे मला आजही वाटतं. पण मी जे केलं त्याला तो प्रश्न आडोसा होऊ शकत नाही.

मी एकवीस वर्षांचा होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो. ताई मशीनवर उभी होती. झाकणाखालचा हिरवा उजेड तिच्या तोंडावरून जात-येत होता. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यासमोरच मी म्हणालो, "आमच्यासाठी तू मेलीस."

ताईने कागद उचलले, सारखे केले, गिऱ्हाइकाच्या हातात दिले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवलास का?"

मी निघून आलो.

नंतर सगळं तुटलं असंही नाही. तिचे आईला फोन यायचे, बाबा कामावर असताना. बाबा गेल्यावर उघड यायला लागले. मीही बोलायचो. बरी आहेस ना, बरी आहे, पाऊस काय म्हणतो. तिला मूल झालं नाही, तेही आईकडूनच कळलेलं. पण तिच्या घरी आमच्यातलं कुणी गेलं नाही. दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ती न चुकता म्हणायची, "ये ना रे. गळाला जिताडा लागायला लागलाय. तुला होडीत बसवते." मी म्हणायचो, "बघू, सुट्टी मिळाली की." माझी सुट्टी दर वर्षी शिल्लक राहायची.

मग एका भाद्रपदात, गणपती जाऊन आठवडा झालेला, ती ओट्यापाशी उभी असताना छातीत दुखतंय म्हणाली आणि खाली बसली, ती उठलीच नाही. मी स्मशानात गेलेलो. मागे उभा राहिलो आणि तिथूनच परस्पर आंबिवलीला परतलो. आईला नेलं नाही. तिच्याच्याने बघवणार नाही असं मीच ठरवलं. ते ठरवणारा मी कोण, हे फार उशिरा सुचलं.

पंधरवड्याने दाजींचा फोन आला. बावीस वर्षांतला पहिला.

"मिलिंद काय? मी काशिनाथ बोलतंय. होरीचं मशीन बंद परलंय. जोरान चालतंय, हलू केलं का मरतंय. सुजाता सांगून ठेवलेली, मशीनला काय झालं तं मिलिंदला बोलव."

दाजी होडीला होरी म्हणतात आणि गळाला गल. ताईही फोनवर शेवटी शेवटी तसंच बोलायला लागलेली, आणि आई फोन ठेवल्यावर म्हणायची, "पोरगी पार त्यांच्यातली झाली."

मी रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन गेलो. टॉवरच्या मागून, डंपरने खचलेल्या रस्त्याने रिक्षा गेली आणि एकदम खाडी समोर आली. दाजी धक्क्यावर उभे होते. उंच, काळे, डोक्याला रुमाल. मी त्यांना जवळून कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं, मी पिशवी उघडली. त्यात आमचा अर्धा तास बरा गेला.

मी आयुष्यभर बसची इंजिनं खोलली आहेत. ती मोठी जनावरं. हे होडीच्या पाठीला अडकवलेलं आठ हॉर्सपॉवरचं मशीन त्यांच्यापुढे म्हणजे बोकड. पण नखरे तेच. कार्बोरेटर काढला तर हळू चालवण्यासाठी पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं ते कचऱ्याने बुजलेलं. एका तारेच्या केसाने मोकळं केलं. प्लग काळाकुट्ट, तेलाने माखलेला. घासून बसवला. मग स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवत ठोका लावत बसलो. जोरात चालणारं मशीन कुणीही लावून देईल. हळू चालून न मरणारं मशीन लावायला कान लागतो. बाजूच्या भोकातून मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार उडायला लागली, ठोका स्थिर झाला, आणि दाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच आवाज. तिला ह्योच आवाज लागं." थोडं थांबून म्हणाले, "फेरी मारू? भरती लागलीय."

त्या दिवशी मी होडीत बसलो. आणि मग कार्तिकापर्यंतचे सगळे रविवार.

ते रविवार आता मला एकेक वेगळे आठवत नाहीत. एकात एक मिसळलेत. सकाळचं पाणी, त्याच्यावर वाफेसारखं धुकं, पलीकडे काल्हेरच्या गोदामांचे पत्रे उन्हात चमकायला लागलेले. तिवरांवर बसलेले बगळे, जसे कुणी रुमाल वाळत घातलेत. ओल्या लाकडाचा, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा, दाजींच्या तंबाखूचा वास. दाजी मागे, दांड्यावर हात ठेवून. मी मधल्या फळीवर, त्यांच्याकडे तोंड करून, पण नजर त्यांच्या खांद्यावरून मागे, जिथे दोर पाण्यात शिरतो तिथे. समोरासमोर बसूनही एकमेकांकडे बघावं लागत नाही, अशी ती बैठक. आम्हा दोघांना तशीच हवी होती.

मशीन कितीही हळू केलं तरी होडी जिताड्याला हवी त्याहून जरा जास्तच पळते. त्यासाठी दाजी एक जुनी प्लास्टिकची बादली, तळाला भोकं पाडलेली, दोरीने मागे सोडायचे. बादली पाणी धरून ठेवायची आणि होडी मागे ओढली गेल्यासारखी मंदावायची. "ही तिचीच अक्कल," दाजी म्हणाले. "गावाची लोकां हसली. मंग तेच करू लागली." गळापुढे चकाकायला होता स्टीलच्या चमच्याचा वाडगा, दांडी कापून भोक पाडलेला. तोही तिचाच. दोर नायलॉनचा, ज्याला सगळे तंगूस म्हणतात. तो बोटावरून घेतला की पाण्यातला चमचा डुलतोय ते बोटाला कळतं, बारीक थरथर, नाडीसारखी. थरथर थांबली की समजायचं, प्लास्टिकची पिशवी अडकली. दर दहा मिनिटांना अडकायची. मी दोर ओढून पिशवी काढायचो, होडीत ठेवायचो, दोर परत सोडायचो. दुपारपर्यंत मासा एक नसायचा आणि पिशव्यांचा ढीग व्हायचा.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी सहज बोललो, "ताईला पोहायला तरी येत होतं म्हणून बरं. काळू नदीत मला तिनेच शिकवलं. फ्रॉकमध्ये हवा भरून तरंगायची."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. सरळ, पहिल्यांदा.

"अजून सांग," ते म्हणाले.

मी सांगायला लागलो. ती पालीला इतकी घाबरायची की एकदा परीक्षेचा पेपर अर्धा टाकून वर्गाबाहेर पळाली. मी पाटी फोडली की आपल्या नावावर घ्यायची. हसताना नाकातून आवाज यायचा म्हणून तोंडावर हात धरायची. आणि शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून अशी मारायची की चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोरं थांबायची. बाबा ओरडायचे, तरी मारायची.

"शिट्टी?" दाजी म्हणाले. "सुजाता?"

"हो."

"मी नाय आयकली कवा." त्यांनी दांडा जरा वळवला. "बावीस वर्सांत नाय आयकली."

मला वाटलं, उगाच बोललो. पण थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तुला खरा सांगू? तिना काय सांगून ठेवला नव्हता मशीनचा. गावान दोन मेकॅनिक हाईत. मीच बोललो तसा. मना चोवीस वर्सांची मिलाली ती. तिच्या आदीची कशी होती, ता सांगनारा माज्याकरं कोनी नाय. आता ती पन नाय सांगाला."

मग त्या होडीत आमची देवाणघेवाण सुरू झाली, असंच म्हणायला हवं. माझ्याकडे ताईची पहिली चोवीस वर्षं होती, त्यांच्याकडे पुढची बावीस. मी एक द्यायचो, ते एक द्यायचे.

त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईने पहिली दोन वर्षं ताईच्या हातचं खाल्लं नाही. चूल वेगळी, माठ वेगळा. ताई कामावरून आली की तिला त्या घरात बसायला कोपरा नव्हता. कुठेही बसली तरी कुणीतरी उठून जायचं. "म्हनून मी तिला होरीन आनली," दाजी म्हणाले. "रोज सांजचे आमी यचं. जाली नाय, काय नाय. गल सोराचा आन् हलू हलू चालवाची. हलू चालवली का टाकीभर पेट्रोलान येल लय जातो. अंधार परेपरत भायेर रावता येतं. मासा गावला तं गावला." नंतर त्यांची आई आजारी पडली आणि ताईनेच तिचं सगळं केलं, आणि मग सगळं बदललं, असं मला वाटलेलं ते सांगतील. पण ते म्हणाले, "आई मरेपरत तशीच रायली. सुजाता नाय रायली तशी. तिला होरीच बरी वाटू लागली."

मी या मासेमारीला इतके दिवस छंद समजत होतो.

त्या दिवशी मी मागे पाण्याकडे बघत, जे बावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. झेरॉक्सचं दुकान, गिऱ्हाईक, हिरवा उजेड. मी कोणते शब्द वापरले ते. मला वाटलं, तिने यांना सांगितलंच असणार आणि हे मोठ्या मनाने गप्प असणार. निदान माझ्या तोंडून तरी एकदा जावं.

मशीन डुगडुगत होतं. पुलाचे खांब हळूहळू मोठे होत जवळ आले. फार वेळ हळू चालवलं की प्लगवर काजळी धरते, म्हणून अधूनमधून मशीनला एक जोर द्यावा लागतो. "रेस देतो जरा," म्हणत त्यांनी मूठ पिळली. मशीन ओरडलं, निळा धूर आला, बादली मागे फडफडली. मग पुन्हा शांत झालं.

"मना तिना असा काय सांगला नाय," दाजी म्हणाले. "मना येवराच सांगला, भाव आलेला, न जेवता गेला. रातचे जेवली नाय ती. मी बोललो, जेव गो. बोलली, त्यो जेवला का नाय कोन जाने."

मी दोर पकडून होतो. पिशवी अडकली नव्हती, तरी मी तो ओढून घेतला आणि पुन्हा सोडला.

जिताडा आम्हाला त्या हंगामात एकच मिळाला, दिवाळी होऊन गेल्यावरच्या रविवारी. भरती संपून पाणी उभं राहिलेलं. एका ओढ्याच्या तोंडाशी, जिथे तिवरं पाण्यावर वाकलीत, तिथून जाताना माझ्या बोटावरचा दोर एकदम सुटला. सुटला म्हणजे पळाला. "गावला!" दाजी ओरडले, मशीन न्यूट्रलला टाकलं, एका हाताने बादली वर घेतली. मागे पाणी फुटलं आणि मासा पूर्ण बाहेर आला, डोकं झटकत, कल्ले उघडे, उन्हात पितळेच्या घागरीसारखा. "ताठ धर, पन ओढू नको. जाऊंदे. जाऊंदे त्याला!" मी धरला, सोडला, धरला. तंगुसाने माझी तर्जनी हाडापर्यंत कापली ते मला मासा होडीत आल्यावर कळलं. साडेचार-पाच किलोचा असेल. दाजींनी त्याच्या अंगावर ओलं गोणपाट टाकलं आणि पाण्याचे दोन थेंब त्याच्या तोंडात सोडले. असं ते प्रत्येक माशाला करतात म्हणे.

"चल घरा," ते म्हणाले. "बोट बांदाला हवा."

तोपर्यंत मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. प्रत्येक वेळी धक्क्यावरूनच परत फिरायचो. ते बोलवायचे नाहीत असं नाही. पण ती नसलेल्या घरात आता जायचं म्हणजे, ती असताना का गेलो नाही, हे कबूल करणं होतं. त्या दिवशी बोटातून रक्त गळत होतं, त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला नाही.

दोन खोल्यांचं घर. दाजी मासा कापायला मागे बसले. मी बोटाला चिंधी गुंडाळून स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधत होतो. फळीवर डबे ओळीने, प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवलेली, ताईच्या गोल अक्षरात. धणे. हळद. कोकम. एका बरणीवर लिहिलेलं होतं, "काळं तिखट – आईचं".

मी झाकण उघडलं. आमच्या आंबिवलीच्या घराचा वास. भाजलेलं खोबरं, कारळे, दगडफूल. हे तिखट खाडीकाठच्या कुठल्या घरात होत नाही. हे आमच्या गावाकडचं. आईने ते कुणाला शिकवलेलं मला माहीत नव्हतं.

"फोनवर शिकली ती," मागून दाजी म्हणाले. त्यांचे हात खवल्यांनी भरलेले. "दर वर्सा करं. तुमची आई फोनवर सांगं आन् ही भाजं. जिताऱ्याचा कालवन आमच्याकरं ह्याच मसाल्यान होतं. गावान कोनाच्या घरी अशी चव नाय."

ते कालवण मी जेवलो. चवीबद्दल मला काही सांगता येणार नाही. पहिल्या घासाला नाक-डोळे वाहायला लागले आणि दाजी म्हणाले, "तिखट हाय जरा." मी हो म्हटलं.

गेल्या रविवारी पुलावर उभा राहून हे सगळं मनात येत होतं, तर वाटलं, ती खालची होडी थोडी जोरात जावी आणि खांबाआड व्हावी. पण ती काही जोरात जाईना.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दाजींना लकवा झाला. आता बोलतात, काठी घेऊन चालतात, पण उजवा हात दांडा धरण्यातला राहिला नाही. होडी चुलतभावाने नेली. मशीन त्यांनी दिलं नाही, ते घरामागे ताडपत्रीखाली असतं. मी दर आश्विनात जातो. पिंपात पाणी भरून मशीन पिंपाच्या कडेला अडकवतो, पंखा पाण्यात बुडेल असं, आणि चालू करतो. प्लग घासतो, ठोका लावतो. दाजी खुर्चीवर बसून डाव्या हाताने खूण करतात, अजून हळू, अजून हळू. मशीन पिंपातल्या पाण्यात डुगडुगत राहतं, कुठेही जात नाही. आम्ही अर्धा तास ऐकतो आणि बंद करतो. शेजारच्या बिल्डिंगमधून कुणीतरी धुराची तक्रार केली होती गेल्या वर्षी. दाजींनी खुर्चीवरूनच सांगितलं, वर्सातना येकदा हाय, सोसा.

गेल्या थंडीत आई गेली. त्यामुळे ताईच्या पहिल्या चोवीस वर्षांचा साक्षीदार आता मी एकटाच. आणि मला रोज थोडं थोडं कमी आठवतं. ती शिट्टी नेमकी कशी वाजायची? आत ओढून की बाहेर सोडून? कधी कधी वाटतं, ते रविवार अजून थोडे हळू जायला हवे होते. आम्ही घाई केली असं नाही. तरी.

पण त्या हंगामातली एक फेरी मला जशीच्या तशी आठवते, आणि तीच सांगायची होती.

जिताड्याच्या दिवशी रात्री घरी आल्यावर मी आईला बरणीबद्दल सांगितलं. ती कॉटवर पाय लांब करून बसलेली. तिने दोनदा विचारलं, "काय लिवलंय म्हनलास?" मी दोनदा सांगितलं. मग ती म्हणाली, "मला वाटायचं, बोलायचं म्हनून इचारती. करती का नाय, मला काय ठाव." जरा वेळाने म्हणाली, "माश्यात घालायचं नसतं ते तिखट. येडी." आणि मग, "मला ने तिच्या घरी."

पुढच्या रविवारी आईला घेऊन निघालो. भिवंडीकडून आलो तर पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबलेल्या, तासभर हलायची चिन्हं नाहीत. दाजींना फोन केला. ते म्हणाले, "काल्हेरच्या धक्क्याव या, मी होरी घेऊन येतंय." मी आईकडे बघितलं. पंचाहत्तर वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, आयुष्यात कधी होडीत न बसलेली. "येऊं दे," ती म्हणाली. "तिच्याच होडीनं जाऊ."

दाजी आले. धक्क्यावर उतरले, रुमाल काढला. आईसमोर उभे राहिले आणि हात जोडून, जरा अडखळत म्हणाले, "जय भीम, आई." हे त्यांनी घरून ठरवून आणलेलं असणार. आईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "जय भीम," ती म्हणाली. "हात द्या. पाय घसरंल माझा."

आम्ही तिला मधल्या फळीवर बसवलं. तिने दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या. दाजींनी मशीन चालू केलं, हळू केलं, सवयीने बादली मागे सोडली, गळ सोडला. दोर आईच्या हातात दिला.

"ह्ये काय करायचं?"

"नुसता धरा, आई."

थोडं पाणी गेलं. आई म्हणाली, "सुजी कुठं बसायची?"

"तुमी बसलाव तईच."

आईने एक हात कडेवरून काढला आणि फळीवर ठेवला, बाजूला, जसा कुणाच्या मांडीवर ठेवावा. मग जरा वेळाने विचारलं, "लई हळू चालतीय का वो ही?"

"जोरान नेली तं पाच मिनटांत पोचूं," दाजी म्हणाले.

आई पाण्याकडे बघत होती. "नगं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या अशीच."

पाच मिनिटांची खाडी आम्ही पाऊण तास लावून ओलांडली. दोनदा दोराला पिशवी लागली, दोन्ही वेळा आईला वाटलं मासा, दोन्ही वेळा ती केवढ्याने तरी "आला, आला!" म्हणाली, आणि दाजी हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

गावाच्या धक्क्यावर तीन-चार बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. रविवारच्या मावऱ्याची, म्हणजे मासळीची, वेळ. दाजींनी होडी बांधली, पाण्यात उतरून आईला दोन्ही हातांनी धरून वर काढलं. तिच्या साडीचा काठ भिजला. बायका बघत होत्या. एकीने विचारलंच, "कोन रं ह्या, काशिनाथ?"

गाव बघत होतं. दाजींनी आईचा हात सोडला नव्हता.

"माजी सासू हाय," ते म्हणाले. "लेकीच्या घरा आलीय."

आईने पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला. बायकांकडे बघून मान हलवली. मग दाजींना विचारलं, "घर कुठल्या अंगाला हाय?" त्यांनी हात करून दाखवलं, आणि ती आमच्यासाठी न थांबता त्या बाजूला निघाली.